नॉसचा नूप: पक्ष्यांच्या बेटावरून समुद्रकड्याच्या माथ्यापर्यंत

नॉस बेटावरच्या नूप या समुद्रकड्याची उंची १८१ मीटर. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा आकडा ऐकून काहीच वाटत नाही. एवढी चढण तर आपण गडाच्या पायथ्याच्या गावातून पहिल्या विसाव्यापर्यंत चढतो. पण नूप पश्चिमेकडून गवताळ उताराने हळूहळू वर जातो आणि पूर्वेला एकदम संपतो. पुढे जमीन नसते, खाली थेट उत्तर समुद्र. हरिश्चंद्रगडाच्या पठारावरून चालत चालत कोकणकड्यावर पोचल्यावर जे होतं, तेच इथे होतं. फरक इतकाच की इथे कड्याच्या प्रत्येक कपारीत पक्षी बसलेला असतो.

नॉस हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड द्वीपसमूहातलं छोटं बेट. १९३९ पासून इथे कायमची वस्ती नाही. १९५५ साली ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. उन्हाळ्यात तिथे राखणदार राहतात, मेंढ्या चरतात, बाकी सगळं पक्ष्यांचं. मी तिथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेला खाडीच्या अलीकडूनच परत फिरलो, दुसऱ्या खेपेला माथ्यावर पोचलो. पहिली खेप फुकट गेली असं मला वाटत नाही, कारण खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं तिनेच शिकवलं.

कधी जायचं

जूनचा पहिला आठवडा ते जुलैचा मध्य. या काळाबाहेर जाऊ नका असं म्हणत नाही, पण कड्यावर काय दिसणार हे तारखेवर ठरतं. गिलेमॉट हा काळा-पांढरा, उभा बसणारा पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या कातळावर एकच अंडं घालतो. त्याचं पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात उडी घेतं आणि बापासोबत पोहत निघून जातं. त्यामुळे जुलै संपता संपता गिलेमॉटच्या कपारी ओस पडतात. रंगीत चोचीचे, बुटके पफिनही ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रावर निघून जातात. गॅनेट हे मोठे पांढरे समुद्रपक्षी मात्र सप्टेंबरपर्यंत असतात, म्हणून ऑगस्टमध्ये गेलात तरी निराशा होणार नाही, पण अर्धी वस्ती उठलेली असेल.

जूनमध्ये दिवस जवळपास १९ तासांचा असतो. रात्रीही पूर्ण अंधार होत नाही. या अर्धवट उजेडाला शेटलंडचे लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. अंधार पडेल म्हणून घाई करण्याचं कारणच उरत नाही. घाई असते ती फक्त परतीच्या होडीची.

बेटावरची होडी साधारण मे ते ऑगस्ट चालते आणि सोमवार-गुरुवार बंद ठेवण्याची पद्धत आहे. ती चालवते नेचरस्कॉट ही सरकारी निसर्गसंस्था. वेळा आणि वार दरवर्षी बदलू शकतात, म्हणून आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी, दोन्ही वेळा त्यांची सूचना पाहा.

शेटलंडमध्ये किमान तीन रात्री ठेवा. ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे. आपल्याकडून जाणारे लोक एकच दिवस राखून ठेवतात, त्या दिवशी वारा सुटतो आणि मग ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून नको तिथे नको ते धाडस होतं. हाताशी दुसरा दिवस असला की पहिल्या दिवशी माघार घेणं सोपं जातं.

लर्विकपर्यंत

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना ब्रिटनचा पाहुणा व्हिसा पुरतो. नॉससाठी वेगळा परवाना लागत नाही. लंडनहून किंवा एडिंबराहून ॲबरडीन गाठायचं आणि तिथून रात्रीच्या जहाजाने शेटलंडचं मुख्य गाव लर्विक. जहाज थेट असेल तर १२ तासांच्या आसपास लागतात, वाटेतल्या ऑर्कनी बेटांवरून जाणारं असेल तर आणखी थोडे. विमानाने सम्बरा विमानतळावर उतरलात तर लर्विक तिथून सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला आहे. मला स्वतःला जहाज आवडतं. पहाटे डेकवर उभं राहिलं की कुठलंही बेट दिसण्याआधी गॅनेट दिसायला लागतात, आणि त्या दिवशी समुद्र कसा आहे हे अंगाला कळतं.

बोट लागणाऱ्यांनी गोळी जहाजात चढण्याआधी घ्यावी. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नसते.

सॅकमध्ये काय

घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. जमीन पीटची, म्हणजे भिजलेल्या स्पंजासारखी असते आणि गवताखाली खड्डे असतात. वारा अडवणारं जॅकेट, वर पावसाची पँट, कानटोपी, पातळ हातमोजे. जूनमध्येही दुपारचं तापमान १२-१३ अंशांच्या घरात राहतं आणि वाऱ्यात ते त्याहून कितीतरी कमी वाटतं. छत्री घरी ठेवा, पाँचोही. तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, आणि कड्याजवळ अंगाला शीड बांधून चालायचं नसतं. हीच गोष्ट टोप्यांची. उडणाऱ्या टोपीमागे हात आपोआप जातो आणि हातामागे पाय.

दुर्बीण प्रत्येकाला एक. दोघांत एक असेल तर जो वाट पाहतो तो काठाकडे सरकत राहतो, हे मी पाहिलं आहे. आठ पटीची पुरते.

चालण्याची एक काठी घ्या. तिचा उपयोग चढणीसाठी कमी आणि अंगावर धावून येणाऱ्या बोंक्सी पक्ष्यासाठी जास्त. त्याबद्दल पुढे.

खायला-प्यायला सगळं बरोबर हवं, बेटावर दुकान नाही. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी काढून ठेवा. चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की वाऱ्यात बसून खायला उत्तम. लर्विकच्या दुकानात बॅनक नावाच्या जाडसर भाकरीसारख्या पोळ्या मिळतात, त्यात चीज घालून घ्या. थर्मासमध्ये चहा. उघड्यावर चार तास वाऱ्यात घालवल्यावर त्या चहाची किंमत कळते.

निघण्याआधी सॅक पूर्ण रिकामी करून झटका आणि बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवा. याची दोन कारणं आहेत. अशा बेटावर एक गाभण उंदरीण पोचली तरी जमिनीवर आणि बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वस्ती काही वर्षांत उठू शकते. आणि २०२२ साली बर्ड फ्लूने या किनाऱ्यावर जे केलं ते पाहिलेला माणूस एका वस्तीतली माती दुसऱ्या वस्तीत नेणार नाही. त्या वर्षी १ जुलैपासून नॉसवर उतरणंच बंद केलं होतं.

कुत्रा नेता येत नाही. ड्रोनचा तर विचारही नको. त्याच्या आवाजाने दचकून गिलेमॉट एकदम उडाले की उघड्या कपारीवरची अंडी घरंगळून खाली जातात.

वारा वाचायला शिका

हा भाग घाईत वाचू नका.

शेटलंडमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो. नूपचा चढ पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे आणि कडा पूर्वेला. म्हणजे तुम्ही वर चढत असता तेव्हा वारा पाठीत असतो. चढ सोपा वाटतो, पाय आपोआप पडतात, मजा येते. आणि तोच वारा तुम्हाला काठाकडे ढकलत असतो. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, टाकलेली हलकी वस्तू परत वर फेकतो. त्या अनुभवाच्या भरवशावर नूपवर जाऊ नका. इथे पश्चिमेचा वारा असेल तेव्हा तो तुमच्या मागेच उभा असतो.

म्हणून हवामानाच्या अंदाजात सरासरी वेग पाहून थांबू नका, झोतांचा वेग पाहा. माझा स्वतःचा नियम असा: झोत ताशी ५० किलोमीटरच्या पुढे असतील तर माथ्याच्या काठाजवळ जायचं नाही, उतारावरूनच पाहायचं. त्याहून बराच जास्त वारा असेल तर होडीच निघत नाही, तेव्हा प्रश्नच मिटतो. वारा पूर्वेचा असेल तर वेगळी अडचण होते. समुद्रावरून धुकं येतं आणि मिनिटांत सगळं पांढरं होतं. धुक्यात नूपवर जाऊ नये. ज्या डोंगराची एक बाजू गायब आहे तिथे अंदाजाने चालता येत नाही.

ब्रेसे ओलांडून खाडीपर्यंत

लर्विकच्या मध्यवर्ती धक्क्यावरून ब्रेसे बेटाची फेरी सुटते. सात-आठ मिनिटांचा प्रवास, गाड्याही जातात. पलीकडे मेरीफील्डला उतरलं की नॉस साउंड नावाची चिंचोळी खाडी सुमारे पाच किलोमीटरवर आहे. सायकल किंवा गाडी असेल तर छान, नसेल तर तासा-सव्वा तासाची चाल. रस्ता सरळ आहे, चुकण्यासारखं काही नाही. लर्विकच्या धक्क्यावरच स्वच्छतागृह वापरून घ्या.

रस्ता संपतो तिथे गाड्या लावायची जागा आहे. तिथून समोर नॉस दिसतं. आधी दुर्बीण काढा आणि पलीकडे लाल झेंडा आहे का पाहा. लाल झेंडा म्हणजे बेट बंद. मी पहिल्या खेपेला पाच किलोमीटर चालून तिथे उभा राहिलो तेव्हा तो झेंडा वाऱ्यात ताणून उभा होता. ऊन पडलं होतं, खाडी दोनशे मीटरही रुंद नाही, आणि पाणी वरून शांत दिसत होतं. पण खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असतो आणि तुम्हाला न्यायला येते ती हवा भरलेली रबरी होडी. झेंडा असेल तर वाद घालायचा नाही.

झेंडा नसेल तर तीव्र उताराची पायवाट खाली किनाऱ्याशी जाते. तिथे थांबायचं, राखणदार पलीकडून पाहून होडी घेऊन येतात. होडीत चढताना एक हात होडीतल्या माणसाच्या मनगटाला धरून, होडीच्या मध्यावर पाऊल टाकून लगेच बसा. सॅक पाठीवरून आधीच उतरवलेली असावी. पैसे देण्याची सोय काय आहे ते आधी पाहून ठेवा, थोडी रोख जवळ असू द्या.

पलीकडे पोचल्यावर राखणदार दोन मिनिटं बोलतात: कुठली वाट आज बंद, बोंक्सी कुठे आहेत, शेवटची होडी किती वाजता. ते नीट ऐका आणि शेवटच्या होडीची वेळ फोनमध्ये लिहून घ्या. गंगस्टी या जुन्या घरात छोटं माहिती केंद्र आहे.

वाट: समुद्र उजव्या हाताला

बेटाभोवतीची फेरी आठ-नऊ किलोमीटरची आहे. फक्त चालायचं तर तीन तास, पाहत पाहत जायचं तर चार. दोन्ही दिशांनी जाता येतं. मी दक्षिणेकडून, म्हणजे समुद्र सतत उजव्या हाताला ठेवून जायला सांगेन. या बाजूने गेलं की नूपचा कडा आधी समोरून, सुरक्षित अंतरावरून दिसतो. आपण ज्यावर उभं राहणार आहोत त्याच्या खाली काय आहे, हे पाहूनच वर जाता येतं. उलट्या दिशेने गेलात तर न पाहिलेल्या काठावर पोचता.

बेटाच्या मधून आडवं जाऊ नका. तिथल्या माळावर बोंक्सी घरटी करतात, आणि जमिनीवरची अंडी गवतात दिसत नाहीत.

सुरुवातीचा दक्षिण किनारा सपाट आणि सोपा आहे. इथेच शेजारी पोनी पंड हे आवार लागतं. १८७० च्या सुमारास लंडनडेरीच्या मार्क्विसने नॉस भाड्याने घेतलं आणि इथे शेटलंडची ठेंगणी घोडी पैदा करायला सुरुवात केली, डरहॅममधल्या त्यांच्या कोळशाच्या खाणींसाठी. १८४२ च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली होती, आणि बुटक्या बोगद्यांत गाडे ओढायला बुटकी जनावरं हवी होती. या वाऱ्यात, या गवतावर वाढलेलं शिंगरू पुढे जमिनीखाली राबायला जायचं. मी त्या भिंतीशी जरा वेळ उभा राहिलो.

पुढे सेटर या जुन्या वस्तीचे पडके अवशेष मागे टाकले की किनारा उंचावायला लागतो. चार्लीज होमजवळ काठाच्या गवतात पफिनची बिळं आहेत. ‘टॅमी नोरी’ हे त्याचं शेटलंडी नाव. काठापासून पाच-सहा मीटर मागे, गवतावर बसून राहा. उभ्या माणसाला पफिन बिचकतो, बसलेल्याला हळूहळू विसरतो. दहा मिनिटांत चोचीत चांदीसारखे चमकणारे मासे घेऊन एखादा उतरेल. तुम्ही त्याच्या बिळाच्या वाटेत असाल तर तो उतरणार नाही, घिरट्या घालत राहील, आणि तेवढ्यात कुरव ते मासे हिसकावतील. असं दिसलं तर उठून मागे व्हा. बिळांवरून चालूही नका, माती भुसभुशीत असते आणि छत ढासळतं.

ते मासे म्हणजे सँडईल. त्यांच्यावर इथल्या सगळ्या वस्तीचं पोट आहे. किटीवेक ही नाजूक कुरव १९८० च्या दशकात नॉसवर हजारोंनी होती, आता शेकड्यांत मोजावी लागते, आणि सँडईलचा तुटवडा हे त्यामागचं मोठं कारण. २०२४ मध्ये स्कॉटलंडने आपल्या सगळ्या समुद्रात सँडईलची मासेमारी बंद केली. किटीवेक आपलं नाव स्वतःच ओरडून सांगते, त्यामुळे ओळखायला पुस्तक लागत नाही. आवाज आला तर थांबून ऐका.

बोंक्सी

किनाऱ्याने चाललात तरी कुठेतरी बोंक्सी भेटतोच. मोठा, तपकिरी, घारीएवढा पण दांडगा पक्षी, पंखांवर पांढरा डाग. तुम्ही घरट्याच्या हद्दीत शिरलात की तो समोरून, अगदी जमिनीलगत, थेट तुमच्या तोंडावर येतो आणि शेवटच्या क्षणी वर उचलतो. कधी पाय डोक्याला मारून जातो.

अशा वेळी पळू नका आणि हातवारे करू नका. काठी उभी डोक्याच्या वर धरा. बोंक्सी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो, म्हणजे काठीच्या टोकावर. आल्या वाटेने किंवा किनाऱ्याच्या बाजूने चालत राहा, मात्र काठाकडे न जाता. त्याच्याकडे पाहताना पाय कुठे पडतोय हे विसरायचं नाही. वर पाहायचं असेल तर थांबून पाहा.

त्याचा राग येतो खरा, पण एक गोष्ट माहीत असावी. बर्ड फ्लूच्या साथीआधी जगातल्या बोंक्सींपैकी निम्म्याहून जास्त स्कॉटलंडमध्ये घरटी करत असत. बर्ड फ्लूनंतरच्या २०२३ च्या मोजणीत ब्रिटनमधल्या पाहणी केलेल्या ठिकाणी त्यांची संख्या साथीआधीच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी घटलेली निघाली. म्हणजे आज तुमच्या डोक्यावर जो धावून येतो तो वाचलेल्यांपैकी आहे. त्याला जागा द्या.

क्रेडल होम

आग्नेयेच्या टोकाशी, मुख्य कड्यापासून अरुंद फटीने तुटलेला एक प्रचंड खडक उभा आहे, सपाट माथ्याचा, जवळजवळ पन्नास मीटर उंच. हा क्रेडल होम. सतराव्या शतकात फूला बेटावरच्या एका माणसाने हा खडक चढून वर मेखा ठोकल्या, दोर बांधला आणि मग फटीवरून पाळणा सुरू झाला, अशी इथली कथा आहे. बक्षीस म्हणून त्याला गाय कबूल केली होती. काम झाल्यावर त्याने पाळण्यातून न येता चढलेल्या वाटेनेच उतरायचं ठरवलं आणि तो पडून मेला. पाळण्यातून पुढे दोन शतकं मेंढ्या पलीकडे चरायला नेल्या जात, पक्ष्यांची अंडी आणली जात. १८६४ मध्ये पाळणा काढून टाकला.

खडक पाहण्यासाठी फटीच्या तोंडाशी जायची गरज नाही, थोडं पश्चिमेला उभं राहिलं की तो पूर्ण दिसतो. तोंडाशी गवत ओलं आणि बाहेरच्या बाजूला कललेलं आहे.

इथेच डबा खाऊन घ्या. पुढे पोट भरलेलं आणि हात रिकामे हवेत.

रम्बल विक: इथे जास्तीत जास्त वेळ द्या

क्रेडल होमवरून उत्तरेकडे वळलं की चढ सुरू होतो. आधी वास येतो. सुकी मासळी, ओला चुना आणि अमोनिया यांचा मिळून एक. मग आवाज: खालून, एकसारखा, लोकल स्टेशनात शिरण्याआधी फलाटावर जसा गलका असतो तसा. आणि मग रम्बल विक या छोट्या आखाताचा बाक उघडतो, समोर नूपचा सगळा कडा दिसतो.

या कड्यात एवढे पक्षी का बसतात, हे दगडात लिहिलेलं आहे. हा जुना तांबडा वालुकाश्म, सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. मऊ थर वारा-पाण्याने झिजून आत गेले, कठीण थर बाहेर राहिले, आणि दीडशे मीटर उभ्या भिंतीवर फडताळासारख्या ओळीच्या ओळी तयार झाल्या. आपल्या बसाल्टच्या कड्यांतही आडवे थर असतात, पण इतके बारीक, हातभर अंतराचे कप्पे तिथे पडत नाहीत.

वरचे रुंद कप्पे गॅनेटचे. १९१४ साली त्यांनी इथे पहिल्यांदा घरटं केलं. बर्ड फ्लूआधीच्या मोजणीत दहा हजारांहून जास्त जोड्या होत्या. घरटी एकमेकांपासून बरोबर चोच पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर. परत आलेल्या जोडीदाराशी चोच वर करून, तलवारी घासाव्यात तशी घासतात. दुर्बीण एकाच घरट्यावर दहा मिनिटं धरून ठेवा. सगळा कडा एकदम पाहिला की काहीच दिसत नाही. घरट्यांत निळे-नारिंगी धागे दिसतील, ते मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे. त्यात पाय अडकून पिल्लं मरतात. आणि डोळे पाहा. गॅनेटची बुबुळं फिकट निळी असतात. बर्ड फ्लूतून वाचलेल्या काहींची काळी झाली आहेत. तसा एखादा दिसला तर तो आजारी नाही, आजारातून उठलेला आहे.

समुद्राकडेही नजर असू द्या. तीस मीटर उंचीवरून, पंख अगदी शेवटी मागे ओढून, गॅनेट बाणासारखा पाण्यात शिरतो. चेहऱ्यात आणि छातीत त्वचेखाली हवेच्या पिशव्या असतात, म्हणून त्या आपटण्याने त्याला इजा होत नाही.

खरं सांगायचं तर नूपचं सगळ्यात चांगलं दर्शन इथून आहे, माथ्यावरून नाही. प्रकाशासाठीही सकाळ ते दुपारचा पहिला भाग बरा, उन्ह या बाजूच्या कड्यावर पडलेलं असतं. वारा वाढलेला असेल, कुणाला उंचीची भीती असेल, मुलं दमली असतील, तर इथे बसा, पोटभर पाहा आणि आत वळून परत फिरा. काहीही हुकलेलं नसेल.

माथा

वर जायचं असेल तर चढ साधा आहे, गवताचा, कुठेही हात लावावा लागत नाही. काठाने जाणाऱ्या पुसट वाटा दिसतील. त्या मेंढ्यांच्या आहेत. तुम्ही काठापासून निदान दहा मीटर आत राहा, आणि जिथे दगडी बांध आहे तिथे त्याच्या आतल्या बाजूने चला. चालताना पाहू नका, पाहताना चालू नका. हा एकच नियम चौघांच्या गटात मोठ्याने म्हणून घ्यावा. मुलांचा हात धरायचा, मनगटाशी. गटातला एक जण ‘मागे पाहणारा’ ठरवा. त्याने फोटो काढायचे नाहीत, फक्त बाकीचे कुठे उभे आहेत ते पाहायचं.

शेवटच्या वीसेक पावलांत समोर फक्त आकाश येतं. इथे थांबा. सॅक उतरवा, वाऱ्याचा झोत कसा येतोय ते मिनिटभर अंगावर घ्या. वारा पाठीत असेल तर तिथेच खाली बसा आणि बसूनच पाहा. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावायची आपल्याला सवय असते. तिथे खाली कातळ असतो. इथे काठाला गवताची ढलपी आहे, तिच्याखाली पाऊस-वाऱ्याने पोकळी झालेली असू शकते आणि वरून ते कळत नाही. गवत बाहेरच्या बाजूला कलायला लागलं तिथेच तुमची हद्द संपली. फुलमारही याच काठावर बसलेला असतो. शांत, करडा, कबुतरासारखा गोजिरवाणा. फार जवळ गेलात तर तो तोंडातून नारिंगी तेलाची पिचकारी मारतो, दोन-तीन मीटर सहज. तो वास जॅकेटमधून कित्येक धुण्यांनंतरही जात नाही. आणि पिचकारी चुकवायला माणूस झटकन मागे-पुढे होतो, ते जास्त वाईट.

बसल्या जागेवरून गॅनेट तुमच्या पातळीवर, कधी तुमच्याही वरून जातात. पंख न हलवता, वाऱ्यावर टेकून. एखादा अगदी समोर येऊन क्षणभर थांबल्यासारखा होतो, मान वळवून तुमच्याकडे पाहतो, पिवळसर डोकं, निळ्या कडेचा डोळा, आणि एक पंख जरासा कलता करून खाली निघून जातो. मी अर्धा तास बसलो होतो. बोललो नाही. खाली पश्चिमेला सगळं बेट, पलीकडे ब्रेसेचा २२६ मीटरचा वॉर्ड नावाचा डोंगर, त्यामागे लर्विक.

उतरताना

माथ्यावरून उत्तरेच्या काठाने वाट खाली येते. हा उतार लांब आणि सोपा आहे, आणि म्हणूनच पाय इथे घसरतात. मन मागे राहिलेलं असतं. डावीकडे माळ, उजवीकडे समुद्र, अंतर तेच ठेवा. आता पश्चिमेचा वारा तोंडावर येईल, वेग कमी होईल, त्याचा हिशेब वेळेत धरा. माथ्यावरून गंगस्टीपर्यंत निवांत सव्वा ते दीड तास लागतो. शेवटच्या होडीच्या दोन तास आधी माथा सोडायचा.

वाटेत मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, उलटवून पाहू नका. जागा लक्षात ठेवून राखणदारांना सांगा. कुणी पडलं किंवा अडकलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, कड्यावरची सुटका तेच करतात. फोनला सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, म्हणून गटाने फुटू नये.

खाली उत्तरेच्या किनाऱ्यावर पापिल गिओजवळ सील खडकांवर पडलेले दिसू शकतात. वेळ असेल तर बसा.

बेट बंद असेल किंवा चालणं जमणार नसेल, तर लर्विकहून बोटी नॉसला वळसा घालून थेट नूपच्या खाली नेतात. कडा खालून पाहणं हा वेगळाच अनुभव आहे, दुधाची तहान ताकावर असं मी त्याला म्हणणार नाही. पफिनच पाहायचे असतील तर सम्बरा हेड हे दक्षिणेचं टोक रस्त्याने गाठता येतं.

खाडी ओलांडून ब्रेसेला आलात की तिथेच, गाडीत बसण्याआधी, बुटांचे तळवे पुन्हा घासा. दुसऱ्या दिवशी सम्बराला किंवा हर्मानेससारख्या दुसऱ्या पक्षीवस्तीला जाणार असाल तर काठीचं टोकही. मी एक जुना दात घासायचा ब्रश सॅकच्या बाजूच्या खिशात याच कामासाठी ठेवलेला असतो. शिवणीत अडकलेली माती त्यानेच निघते.